नळीची रांगोळी

मी नववीत होते त्या वर्षी, नरक चतुर्दशीच्या सकाळी, सुरतेच्या नवागाममधल्या आमच्या खोलीत रांगोळीच्या डब्याने पेट घेतला. खोली धुराने भरली तेव्हा भटूकाका माळ्यावर झोपला होता. तो जागा झाला, शिडी उतरून स्वतःच्या पायांनी बाहेर आला आणि गल्लीत उभा राहून खोकला. त्याला कुठे भाजलं नव्हतं, खरचटलंही नव्हतं. एवढं गल्लीतल्या सगळ्यांनी पाहिलं, आणि त्याबद्दल कोणाच्याही सांगण्यात पुढे कधी फरक पडला नाही.

त्या खोलीत आम्ही चौघं राहायचो. आबा, म्हणजे माझे वडील, पावरलूमवर होते. माय पर्वत पाटियाच्या बाजूला एका हॉलमध्ये तयार साड्यांचे लोंबते धागे कापायला जायची. भटूकाका आबांचा चुलतभाऊ, धुळ्याकडच्या आमच्याच गावचा. लग्नाचा होता. खोलीच्या अर्ध्या भागावर फळ्या टाकून माळा केला होता, तिथे त्याची वळकटी आणि एक पत्र्याची पेटी असायची. माळ्याची शिडी मोरीशेजारी भिंतीला टेकवलेली होती. मोरी, तिच्या बाजूला रॉकेलचा स्टोव्ह, त्याच्या बाजूला दार, अशी मांडणी. बाहेर लाल कोब्याची एकच पायरी. घरमालकाने सगळ्या खोल्यांना एकाच दिवशी एकाच रंगाच्या पायऱ्या करून दिल्या होत्या, आणि गल्लीत तेवढी एकच गोष्ट सारखी आणि नीट दिसायची.

भिंतीपलीकडे मागांचं शेड होतं. त्यांचा खटखटाट आम्हाला ऐकू येत नसे, कारण तो कधी थांबत नसे. घरात सगळे वरच्या पट्टीत बोलायचे. भटूकाकाचा आवाज तर गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायचा. तो पायरीवर बसून चहा मागायचा तेव्हा कोपऱ्यावरचा टपरीवालाही मान वर करायचा. दिवाळीला माग बंद होत आणि मग काही दिवस गल्लीत शांतता पसरे. गावाहून पहिल्यांदा आलेल्या बायकांना तिने बरं वाटायचं. आम्हा मुलांना मात्र त्या शांततेत झोप येत नसे. भांडं पडलं तरी दचकायला व्हायचं.

दिवाळीच्या आधीचे दिवस सुरतेत कामाचे असतात. माल सणाआधी दुकानात पोचला पाहिजे, म्हणून शिफ्टला शिफ्ट जोडलेली असायची, आणि हॉलमधून माय दिवेलागणीनंतर परतायची. मग शेव, शंकरपाळे, सांजोऱ्या, जे काय असेल ते एका स्टोव्हवर. गल्लीतल्या सगळ्याच बायकांची तीच गत होती. गावी अंगणभर रांगोळी काढणाऱ्या या बायकांना इथे वाकून बसायला वेळ नव्हता, आणि वेळ मिळालाच तर कंबर वाकत नव्हती. तरी दार तोरणाविना बोडकं ठेवायचं नाही, सणाला पायरी कोरी ठेवायची नाही, एवढं त्या धरून होत्या. त्यामुळे आमच्या गल्लीची सजावट झटपट उरकायची. साडीच्या काठाच्या कापून टाकलेल्या पट्ट्या सुतळीला गाठी मारून टांगल्या की तोरण झालं. धाग्याचे रिकामे कागदी कोन एकमेकांत बसवून आत बल्ब सोडला की आकाशकंदील झाला. आज दुकानात चिकटवायच्या रांगोळ्या मिळतात, मीही त्या आणते. तेव्हा मिळत नव्हत्या, म्हणून मायने नळी शोधून काढली.

ती नळी प्लास्टिकची, वीतभर लांब, सर्वांगाला भोकं असलेली. सूत रंगवताना धागा अशा नळीवर गुंडाळतात, म्हणजे रंग आतून बाहेरून सारखा लागतो. भटूकाका आधी सूत रंगवणाऱ्या एका कारखान्यात होता, तिथून टाकून दिलेल्या नळ्या तो पाणी गाळायला म्हणून घेऊन आला. मायने एकीचं एक तोंड चिंधीने बंद केलं, आत रांगोळी भरली, दुसरं तोंड बंद केलं आणि नळी पायरीवर लाटण्यासारखी फिरवली. मागे ठिपक्यांची पट्टी उमटत गेली. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, की काठ तयार. मध्ये रंगाच्या चार चिमटी. चहा उकळायच्या आत पायरी सजलेली असायची.

शेजारच्या मंगलाताई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांचे यजमान रेल्वेत गँगमन होते. भुसावळकडचं बौद्ध घर. त्यांच्या पायरीवर दिवाळीला रांगोळी नसायची, पण जयंतीला आणि बुद्धपौर्णिमेला त्या मायकडून नळी मागून न्यायच्या.

"शेवंताबाई," त्या म्हणाल्या, "रांगोळी काढताय का डांबरी रस्ता करताय?"

"हात दोनच शेतस," माय आमच्या अहिराणीत म्हणाली. "एक साडीले दिधा, एक चुल्हाले. रांगोळीले तिसरा कोठून आणू?"

पुढच्या वर्षापासून नळी गल्लीभर फिरू लागली. माय कामावर जाता जाता पाच-सहा पायऱ्या उरकून द्यायची, उरलेल्या बायका आपापल्या करून घ्यायच्या.

बाजारातली रांगोळी मात्र नळीच्या भोकांत अडकायची. त्यावरही उपाय भटूकाकाकडेच होता. सूत रंगवताना हौदात मीठ टाकावं लागतं. ते खायचं नसतं, पण मीठच असतं. पांढरं, दाणेदार, हातातून वाळूसारखं निसटणारं. त्याच्या कारखान्यात दिवाळीच्या सुमाराला ते पिशवीभर घरी न्यायला कोणी हरकत घेत नसे. तिथल्या सगळ्या मराठी घरांत रांगोळी त्याचीच असायची. त्याने कोणाला काही झालं नाही. पायरी धुतली की विरघळून जायचं.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात भटूकाकाने काम बदललं. पांडेसऱ्यातल्या एका मिलमध्ये तो घडीखात्यात लागला. ती पॉलिस्टर रंगवणारी मिल होती. पॉलिस्टरला मीठ लागत नाही. घडीखात्यातल्या माणसाच्या हाती कापड येतं ते रंगून, धुऊन, वाळून. त्याआधी त्याचं काय होतं हे त्याला कळायचं कारण नव्हतं. त्याने रंगखात्यातल्या एका माणसाला सांगितलं, रांगोळीसाठी सफेद पावडर दे. त्या माणसाने दिली. प्लास्टिकच्या जाड पिशवीत, तोंड घट्ट बांधून.

वसुबारसेला काकाने ती पिशवी मायच्या हातात ठेवली. "कोरडी ठेवजो वैनी. त्यानी बजाईसन सांगेल शे."

"रांगोळी कोनी ओली ठेवस का?" माय म्हणाली, आणि पावडर तेलाच्या रिकाम्या डब्यात ओतून घेतली.

निरोप पोचला होता आणि तो बरोबर होता. त्या माणसाने आणखी काही सांगितलं होतं का, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

संध्याकाळी मायने पायरी पुसून नळी फिरवली. पावडर नेहमीपेक्षाही मोकळी सुटत होती. काठ उमटला, मध्ये लाल आणि हिरव्याची फुलं पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी लाल फूल मातकट दिसत होतं आणि हिरवं राखेसारखं. ठिपक्यांना लागून असलेल्या पाकळ्या आधी गेल्या होत्या, आतल्या मागाहून. समोरच्या पायरीवर तेच, त्यापुढच्या पायरीवरही तेच. पायरीजवळ काडी ओढल्यावर येतो तसा वास होता. पण गल्लीत मुलं आदल्या दिवसापासून टिकल्या फोडत होती, आणि दिवाळीत त्या वासाकडे कोण लक्ष देणार.

"तुमची रांगोळी विटली, शेवंताबाई," मंगलाताई म्हणाल्या. "एका रात्रीत?"

"स्वस्ताना रंग," माय म्हणाली. धनत्रयोदशीला तिने रंग वगळले. नुसत्या पांढऱ्याच्याच दोन पट्ट्या ओढल्या, सगळ्या पायऱ्यांवर.

चतुर्दशीला आम्ही उजाडायच्या आधी उठलो. भिंतीपलीकडचे माग बंद झाले होते. मोरीत तेल, उटणं, गरम पाण्याची वाफ. आबा पहिली अंघोळ करून स्टेशनवर गेले, नंदुरबारच्या गाडीची तिकिटं काढायला. भाऊबीजेनंतर आम्ही सगळे गावी जाणार होतो, कारण भटूकाकाचा साखरपुडा ठरला होता. मुलगी दोंडाईच्याची. त्याने तिच्यासाठी आपल्याच खात्यातून साडी घेतली होती, मोरपंखी रंगाची, डाग किंवा तुटका धागा नसलेली. आमच्या घरात तोवर फक्त मिलने बाजूला काढलेला माल आला होता. ही साडी त्याने स्वतः घडी घातली होती आणि ती माळ्यावरच्या पेटीत होती. दिवसातून एकदा तो पेटी उघडून बघायचा आणि माय दरवेळी विचारायची, "शे ना रे? पळनी तर नही?"

बायकांनी गल्लीत सडा टाकला, पायऱ्या धुतल्या, आणि नळी हातोहात फिरली. त्या सकाळी ती माय आणि मी धरून तिघींच्या हातात होती. ओल्या पायऱ्यांवरून फिरल्यामुळे ती ओली झाली होती. एरवी माय तिला झटकून खिळ्याला टांगायची. त्या दिवशी ती पावडरच्या डब्यात गेली आणि वर झाकण बसलं. कोणी ठेवली, हे नंतर पुष्कळदा बोलण्यात आलं; खात्री झाली नाही. माय त्या वेळी करंज्यांचं ताट भरत होती, आणि पुढेही तिने कोणालाच हे विचारलं नाही.

ऊन गल्लीत उतरल्यावर भटूकाका आला. सणाआधीची शेवटची शिफ्ट त्याने रात्रभर केली होती. डोळे लाल, केसांत कापडाचा भुसा. मायने गरम पाणी काढून ठेवलं होतं.

"आज दिन निंघाना पहिले न्हावानं ऱ्हास," ती म्हणाली. "आते नरकमा जाशी."

"मिलमा काम करस मी वैनी. नरकना माले काय भ्याव?" तो म्हणाला, तोंड धुतलं, दोन सांजोऱ्या उभ्याने खाल्ल्या आणि अंघोळ उठल्यावर करतो असं सांगून माळ्यावर चढला. शिडीच्या वाटेतला डबा मायने पायाने बाजूला सरकवला. पत्रा कोमट लागला, असं तिने पुढे सांगितलं. बाजूला स्टोव्ह होता, म्हणून तिने डबा मोरीच्या कठड्याकडे ढकलला.

मग माय आणि मी फराळाची ताटं घेऊन गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेलो. डब्याचं झाकण उडाल्याचा आवाज मी ऐकला. तो लवंगी फटाक्याएवढा होता. त्या दिवशी असे आवाज चहूकडून येत होते, आणि कोणीही मागे वळून पाहिलं नाही. पुढे मी वर्तमानपत्रात नोकरी केली. तिथे आगीची बातमी लिहिताना पहिली माहिती कोणी दिली हे नोंदवायची पद्धत होती. आमच्या आगीत ती मंगलाताईंनी दिली. त्या आपल्या पायरीवर तांदूळ निवडत होत्या. आमच्या दारातून पिवळट पांढरा धूर जमिनीलगत सरकत येताना त्यांना दिसला.

"भटूभाऊ!" त्यांनी हाक मारली. "भटूभाऊ, खाली या!"

तो खाली आला. तेवढ्यात कोणीतरी धावत जाऊन डब्यावर तांब्याभर पाणी फेकलं. धूर कमी होण्याऐवजी उसळला, आणि त्याच्या आत निळसर जाळ दिसला. आम्ही पोचलो तेव्हा काका गल्लीत उभा होता, नाकाला पंचा लावून, खोकत. मायने त्याच्या दंडाला हात लावून पाहिला. तो म्हणाला, "पेटी," आणि पुन्हा आत गेला. मायने त्याचा सदरा धरला होता, तो तिच्या हातून निसटला. आत तो किती वेळ होता ते मला सांगता येणार नाही. तो बाहेर आला तेव्हा साडीची पिशवी त्याच्या काखेत होती.

मंगलाताईंच्या यजमानांनी आणि दोघातिघांनी पाण्याचं पिंप दारापर्यंत ओढत आणलं आणि सगळं आत लवंडलं. तेव्हा विझलं. खोलीत फक्त डब्यामागची भिंत आणि शिडीचे खालचे दोन पाय काळे झाले होते. एवढंसंच नुकसान म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. काका मंगलाताईंच्या पायरीवर बसला. डोळ्यांतून पाणी गळत होतं. चहा आला.

"नरकमा जाई उनू वैनी," तो म्हणाला. "तठे बी आपलाच लोके शेतस."

गल्ली हसली. मायही हसली. मला ते हसू चांगलं आठवतं, कारण मागांचा आवाज नसल्याने ते फार मोठं ऐकू आलं.

"दवाखान्यात दाखवून या," मंगलाताई म्हणाल्या. "धूर पोटात गेलाय."

"माले काय बी नही व्हयनं, ताई. सणना दिन दवाखानामा कोन जास?"

नाक्यावरच्या डॉक्टरांचं शटर तसंही बंद होतं. काकाने चिवडा तोंडात टाकला, पण गिळता आला नाही म्हणून ताटली बाजूला ठेवली. आबा दुपारी तिकिटं घेऊन आले. घर धुऊन काढण्यात सगळे गुंतले होते. दुपारनंतर काकाने पाणी मागितलं तेव्हा मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते, आणि तरी मला पुन्हा विचारावं लागलं. आवाज बसला होता. सूर्य कलताना तो झोपायला आडवा झाला आणि लगेच उठून बसला. आडवं होता येत नव्हतं. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून तो पुढे वाकून बसला होता, आणि श्वास घेताना छातीतून ओलसर आवाज येत होता. ओठ शाईसारखे दिसत होते. मंगलाताई रिक्षा आणायला गेल्या. दारोदार पणत्या लागत होत्या तेव्हा आबांनी आणि मंगलाताईंच्या यजमानांनी त्याला रिक्षात बसवलं. साडीची पिशवी मायने घेतली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशाचा धूर. आबा म्हणाले, रांगोळीचा. डॉक्टर म्हणाले, रांगोळी जळत नाही, पावडरचं नाव सांगा. नाव कोणालाच माहीत नव्हतं. काकाच्या तोंडावर मास्क होता. त्याने मान हलवली, म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी, लक्ष्मीपूजनाला, आबा पांडेसऱ्याला गेले. मिलच्या फाटकाला कुलूप होतं. चौकीदार म्हणाला, लाभपाचमला, म्हणजे कार्तिकातल्या पंचमीला, उघडेल. रंगखात्यातला तो माणूस आपल्या मुलखात निघून गेला होता आणि त्याचा पत्ता चौकीदाराकडे नव्हता. शेजारच्या मिलांची फाटकंही बंद होती. सबंध रस्त्यावर विचारायला माणूस भेटला नाही, असं आबा सांगायचे.

भटूकाका पाडव्याच्या सकाळी वारला.

लाभपाचमला आबा पुन्हा गेले, रिकामी पिशवी घेऊन. रंगखात्याच्या डाइंग मास्तरने ती नाकाजवळ नेली आणि लगेच दूर धरली. हायड्रो, तो म्हणाला. कापडाला चिकटलेला जादा रंग काढून टाकायला वापरतात. हौदभर पाण्यात टाकलं तर भिण्यासारखं काही नाही. थोडंसं पाणी लागलं आणि तसंच झाकून ठेवलं, की ते आतल्या आत तापत जातं. आबांनी हे घरी येऊन त्याच शब्दांत सांगितलं. माय स्टोव्हपुढे बसली होती.

"रंग काढस?" तिने विचारलं.

"हां."

ती उठून दारात गेली आणि पायरीकडे बघत उभी राहिली. पायरी तोवर कितीदा धुतली होती. लाल कोब्यावर जिथे जिथे नळी फिरली होती तिथे फिकट ठिपक्यांच्या पट्ट्या होत्या. कोब्याचा लाल रंग तेवढ्या जागी निघून गेला होता. गल्लीतल्या सगळ्या पायऱ्यांवर तसंच होतं. मंगलाताईंची पायरी तेवढी पूर्ण लाल होती.

साडी आबांनी गावी काकाच्या आईकडे दिली. तिचं पुढे काय झालं ते मला कळलेलं नाही. मुलीचं लग्न दुसरीकडे झालं. मायने धागे कापायचं काम पुढेही केलं. दिवाळीला आमच्या दारात ती पाण्याचा हात फिरवून एक पणती ठेवायची. काही वर्षांनी आम्ही ती खोली सोडली.

गेल्या वर्षी कामानिमित्त सुरतेला गेले तेव्हा नवागामला जाऊन आले. बहुतेक खोल्यांवर मजले चढले आहेत आणि दारात फरशा आहेत. आमच्या जुन्या खोलीची पायरी तीच आहे. तिथे आता अमळनेरकडचं कुटुंब राहतं. बाई साडीला लेस लावायच्या कामावर जाते. मी पायरीकडे बघते आहे असं पाहून ती म्हणाली, हे ठिपके कोणीतरी आधीच काढून ठेवलेले आहेत, कितीही घासले तरी जात नाहीत. दिवाळीला ती त्यांच्यावरूनच रांगोळी टाकते. वेळ वाचतो, म्हणाली.